बर्फाची गाडी काळ्या रानात

दूध घातलं की तडक घरी जाणारा माणूस मी अजून पाहिला न्हाई. कॅन रिकामा होतो, हौदावर धुतला जातो, आणि मंग डेअरीच्या पायरीवर बूड टेकलं की एकजण काहीतरी सांगतो. दुसरा त्यात आपलं घालतो. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर एक गाडी आल्ती. तिचे किस्से त्या पायरीवर इतके साचले, की दूध कमी आणि गोष्टी जास्त अशी गत झाली. मी शाळेचं तोंड पाहिलं न्हाई. अक्षरं एसटीच्या पाट्या वाचून शिकलो, त्यामुळं लिहायला टाइम लागतो. पण घाई मला कधीच नव्हती, आणि त्याच एका गुणावर मला त्या गाडीचं काम मिळालं.

आधी वस्ती सांगतो. अंबड तालुक्यात डांबरी रस्त्यावरून एक पाणंद आत येते, दोन्ही बाजूनं रानं, मधून वाट, आणि वाटेच्या शेवटी आम्ही. उन्हाळ्यात ती वाट असते, पावसाळ्यात लापशी. मोटरसायकल रुतते, ट्रॅक्टर रुततो, बैलगाडी आसापर्यंत चिखलात जाते. मंग दोन-तीन महिने वस्तीचं सगळं दूध डांबरीपर्यंत डोक्यावर जातं, आणि तिथून मिळंल त्या वाहनानं पुढं डेअरीला. ते डोकं बहुतेक करून आमच्या शेजारच्या सरूबाईचं. तिच्या मानेतला मणका सरकलाय. डॉक्टरनं ओझं बिलकुल बंद सांगितलं. सरूबाई म्हणली, "डॉक्टरला म्हणावं, मंग तू न्ये."

तर अशा ठिकाणी पुण्याच्या एका कंपनीतल्या केतकी मॅडम एक नवीन गाडी घेऊन आल्या. चाकं नव्हती तिला. पुढं दोन लांब पाट्या, मागं रबरी पट्टा, वर सीट आणि हँडल. चिखलात चालती का, ते बघायचं होतं. मॅडम म्हणल्या, "चाचणी संपली की कंपनी ठरवेल, मशीन परत न्यायचं की इथेच ठेवायचं."

सरूबाईनं तवाच गाडीच्या सीटवरून हात फिरवला.

*

मॅडमला चालवणारे तीन पाहिजे होते. एक यंत्र समजणारा, एक बाई, आणि एक अगदी हळू माणूस. पारावर त्यांनी विचारलं, "गावात सगळ्यात हळू कोण आहे?"

एका दमात सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. इलेक्शनला बी एवढी एकी मी पाहिली न्हाई.

मॅडम माझ्याकडं आल्या. "काका, तुम्ही खरंच एवढे हळू आहात?"

मी विचार करून राह्यलो होतो, तेवढ्यात त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

*

बाई म्हणून सरूबाई ठरली, आणि यंत्र समजणारा म्हणजे गफूरभाई. परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म गेला त्याचा, फिटर म्हणून. मॅडमनं त्याला सांगितलं, की ही गाडी मुळात थंड मुलखात बर्फावर चालती, तिच्यावरून आपली बनवली.

आम्हाला बर्फ माहीत तो रसवंतीतला, न्हाईतर मुलगी मुंबईहून येईस्तोवर मयताखाली ठेवतात तो. त्यावर गाडी कशाला चालवायची ते काही कळलं न्हाई.

मॅडम पुढं म्हणल्या, "ही अजून बाजारात आलेली नाही. प्रीप्रॉडक्शन आहे."

"मतलब?"

"म्हणजे अजून तयार व्हायची आहे."

गफूरभाईनं गाडीला एक चक्कर मारली. "मतलब अभी पैदाच नै हुई, और हम चलारे."

*

पहिल्या दिवशी मॅडमनं एक कागद काढला आणि मला म्हणल्या, "काका, एक चक्कर मारून या, आणि मला तुमचं फर्स्ट इम्प्रेशन द्या."

मी चक्कर मारायच्या आधीच डावा अंगठा पुढं केला. तहसीलला, बँकेत, अंबडच्या कोर्टात, जिथं जिथं बाबू इम्प्रेशन म्हणला तिथं मी अंगठाच दिलाय. मॅडम अंगठ्याकडं बघून राह्यल्या. त्यांना वाटलं मला लागलंय. त्यांनी बॅगेतून पट्टी काढली.

सरूबाई म्हणली, "मॅडम, तुमच्याकडं इम्प्रेशन तोंडानं देतात. आमच्याकडं शाई लागती."

"पण काका, तुम्हाला तर सही येते ना?"

"येती," मी म्हणलो. "पण सही केली की पुढचा म्हणतो, वाचूनच केली. अंगठ्याला तसं कुणी म्हणत न्हाई."

मॅडम लय हसल्या. मंग मला गाडीवर बसवलं आणि दाखवलं, की एक्सलेटर पायात न्हाई, मुठीत न्हाई. हँडलच्या बाजूला एक छोटी दांडी होती. ती अंगठ्यानं दाबायची.

गफूरभाई म्हणला, "तात्या, ये तो तुम्हारेच वास्ते बनाये."

*

मी निघालो. किती हळू, तर एक बगळा मागं लागला. नांगरामागं किडे वेचायला लागतात तसा. तो मागून चालत येऊन राह्यला आणि थोड्या वेळानं पुढं निघून गेला.

मॅडम बांधावरून वरडल्या, "काका, चालू आहे ना गाडी?"

म्हणून अंगठा जरा दाबला. गाडीनं अशी उसळी घेतली, की वाट सरळ आणि मी डावीकडं. थांबवायचं कसं ते मॅडमनं चारदा सांगितलं होतं. पण चाळीस वर्षं बैल हाकलेला माणूस मी. तोंडातून "होऽ, होऽ" निघालं. बैल असता तर जागी थांबला असता. गाडी काही थांबली न्हाई. मी अजून मोठ्यानं "होऽ" म्हणलो आणि दर "होऽ"ला जोर लावताना अंगठा अजून दाबला. सरूबाईच्या दोडक्याच्या मांडवात शिरलो तवा गाडी बंद पडली. दोडके माझ्या मांडीवर.

मॅडम पळत आल्या. लागलं न्हाई ते पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलं.

"लिहिलंय, गाडी आवाज ऐकत नाही."

"तिचा दोष न्हाई," मी म्हणलो. "नवीन जनावर आहे. नाव ठेवलं न्हाई अजून."

सरूबाई दोडके मोजायला लागली.

*

गफूरभाईला बंद यंत्र दिसलं की हात शिवशिवतात. चालू दिसलं तर जास्तच. एका दुपारी मॅडम अंतरवाली सराटीला चहा प्यायला गेल्त्या. येऊन बघतात तर गाडी पोत्यावर मांडलेली. भांड्याच्या दुकानावानी.

"गफूरचाचा, हे काय?"

"कुच नै बेटा. अंदर से मुलाखात करी."

दोन तासांत त्यानं सगळं परत बसवलं. पोत्यावर दोन बोल्ट उरले. मॅडमचा चेहरा उतरला. गफूरभाईनं बोल्ट खिशात टाकले. "कंपनीनं जास्तीचे दिले असतील. जिनिंगमध्ये बी असंच व्हायचं."

गाडी चालू केली. पहिल्यापेक्षा आवाज कमी. गफूरभाई छाती फुगवून आमच्याकडं बघून राह्यला. मंग सरूबाई बसली आणि निघाली. वीसेक पावलांवर गाडी पुढं गेली, सरूबाई आणि सीट मागं राहिली. चिखलात, मांडी घालून, सीटवर.

तिथूनच ती म्हणली, "गफूरभाई, मुलाखातीत सीटची ओळख करून घ्यायची राहिली का?"

*

आता दुधाचं सांगतो, कारण गाडी आल्ती त्याच्यासाठी. सीटच्या दोन बाजूला मॅडमनं कॅन अडकवायची सोय करून घेतली. पहिल्यांदा दूध घेऊन सरूबाई निघाली. मॅडमनं गाडीला एक डबी चिकटवलेली. गाडी किती थरथरती ते त्या डबीत येतं म्हणे. अर्ध्या वाटेत मॅडमनं थांबवलं. इंजिन चालू ठेवा म्हणल्या, आणि आकडे बघत बसल्या. पुन्हा थोडं पुढं, पुन्हा थांबा. असं करत डांबरी यायला दीड तास गेला.

"अजून रीडिंग नीट येत नाहीये," मॅडम म्हणल्या.

सरूबाईनं कॅनचं झाकण काढलं. वर लोण्याचा गोळा तरंगून राह्यला होता.

"हे घ्या तुमचं रीडिंग."

डेअरीवाल्यानं ते दूध घेतलं न्हाई. ताक म्हणून घेऊ का म्हणला. सरूबाई मॅडमला चिडून काही बोलेल असं वाटलं, पण तिनं गोळा काढून मॅडमच्या हातावर ठेवला. "खा. तुमच्या गाडीनं घुसळलंय."

मॅडमनं खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि गफूरभाईनं मिळून कॅनखाली जाड रबर बसवले. या बारीला बोल्ट उरले न्हाईत. तिसऱ्या दिवशी दूध होतं तसं डांबरीला पोचलं. सरूबाई मोकळ्या डोक्यानं परत आली. येताना तिनं मान डावीकडं वळवून पाहिली, मंग उजवीकडं. मी बांधावर उभा होतो. मला म्हणली, "तात्या, ही गाडी जाऊ द्यायची न्हाई."

*

पाऊस सरत आला तशा मॅडम शेवटचे फॉर्म घेऊन आल्या. काय आवडलं, काय त्रास झाला, पाचापैकी मार्क द्या. हे पुण्याला साहेबाकडं जाणार. भरून ठेवा, संध्याकाळी नेते, म्हणल्या.

आम्ही तिघं लिंबाखाली बसलो. सरूबाईनं विचारलं, "काय लिहायचं म्हंजे ते गाडी ठेवतील?"

इथं माझी अक्कल कामाला आली. मी जन्मभर बैलबाजार केला. जो बैल घ्यायचा मनात ठरलंय, त्याला तोंडावर चांगलं म्हणायचं न्हाई. शिंगं वाकडी म्हणायची, चाल मंद म्हणायची, डोळा खोडीचा म्हणायचा. मालकाचं मन उतरतं आणि तो म्हणतो, घेऊन जा बाबा एकदाचा. चांगला म्हणलं की तो दावणीलाच बांधून ठेवतो. मी हे दोघांना समजून सांगितलं. गाडी बेस्ट म्हणलं तर कंपनी लगेच उचलून नेईल.

दोघांना पटलं. बराबर बोलला तात्या, म्हणले.

मंग आम्ही मन लावून लिहिलं. पुढून जड. मागून रडते. दिसायला बेडकावानी. अंगात मस्ती. गफूरभाईनं सांगितलं, "लिखो, इसकी आवाज सौतन के जैसी." सरूबाईनं पाचापैकी एक मार्क दिला.

"एक बी कशाला दिला?" मी विचारलं.

"सीटला. खाली पडले तवा तीच संगं होती."

मॅडमनं संध्याकाळी फॉर्म वाचले. एकदा आमच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे मला बरे दिसले न्हाईत. पण मला वाटलं, मालकाचं मन उतरून राह्यलं. काम झालं.

*

आठ दिवसांनी पुण्याहून त्यांचा फोन आला. "काका, साहेबांनी फॉर्म वाचले. चांगले असते तर मशीन अजून एक वर्ष तुमच्याकडे राहणार होतं. आता काम बंद. सोमवारी टेम्पो पाठवतेय, मशीन द्या."

मी सगळं कबूल केलं. बैलबाजारापासून सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या.

"काका, हे मी साहेबांना कसं सांगू? फॉर्म लिहून झालेत. आता नुसतं बोलून चालणार नाही. त्यांना काहीतरी घडलेलं दाखवायला पाहिजे."

सरूबाईला सांगितलं. ती काही चिडली न्हाई. एवढंच म्हणली, "तात्या, बैल घेताना मालक समोर असतो. हितला मालक पुण्यात होता." आणि कॅन डोक्यावर घेऊन चालून दाखवलं. आता सवय मोडायला नको म्हणून.

*

रविवारी दिवसभर जोराचा पाऊस झाला. सोमवारी दुपारी जालन्याहून टेम्पो आला. आम्ही ड्रायव्हरला डांबरीवरच थांब म्हणलो, गाडी आम्ही तिथं आणून देतो. पण तो म्हणला, "मी घाटात चालवलेला माणूस आहे, मामा. तुमची पाणंद काय."

दुसऱ्या वळणावर टेम्पो आसापर्यंत बसला. त्यानं चाक फिरवलं की चिखल उडायचा आणि टेम्पो अजून खाली. ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. तो म्हणला, चार दिवस ऊन पडू दे, मंग बघू. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. सरूबाईनं त्याला भाकरी आणि पिठलं दिलं. खाऊन झाल्यावर तिनं त्याच्याकडं बघितलंच न्हाई. गफूरभाईला म्हणली, "दोर आण."

टेम्पो रिकामाच होता. गफूरभाईनं त्याच्या मागच्या बाजूला दोर बांधला, दुसरं टोक आमच्या गाडीला. टेम्पोला बोनेटकडून अख्ख्या वस्तीनं खांदा लावला. गाडीवर मला बसवलं. झटका दिला तर दोर तुटणार, इथं हळू माणूसच पाहिजे होता. मी अंगठा ठेवला आणि दाबला न्हाई, नुसता ठेवून जड होऊ दिला. पट्टा फिरून राह्यला. बराच वेळ काहीच झालं न्हाई. मंग चिखलानं मोठा मुका घेतल्यावानी आवाज केला आणि टेम्पो हलला. डांबरीपर्यंत यायला साडेपाच वाजले. मी मागं वळून पाहिलं न्हाई. पाहिलं असतं तर अंगठा हलला असता.

डांबरीवर ड्रायव्हर तोंड धुवत होता तवा त्याचा फोन वाजला. हात ओले, म्हणून त्यानं स्पीकर लावला. मॅडम होत्या.

"निघालात का?"

"निघतोय मॅडम. जरा रुतल्तो. आता वर आलो."

"रुतलात? आणि मग बाहेर कशानं काढलं? तिथं ट्रॅक्टर येत नाही."

ड्रायव्हरनं आमच्याकडं पाहिलं.

"ज्याला न्यायला आल्तो मॅडम, त्यानंच वढलं."

मंग मॅडम एकदम हळू, माझ्यावानी बोलल्या.

"मग आता टेम्पोत काय भरलंय?"

"दुधाचे कॅन हायेत, मॅडम. बाई म्हणल्या, साडेसहाला डेअरी बंद होती. फोन ठेवू का?"