दत्ताच्या पिवळ्या चित्रावरचा अंगठा

आधीच सांगतो — भूत, करणी, नजर यातलं मी काहीही मानत नाही. परतूरला शाळेत चित्रकला शिकवतो आणि अंधश्रद्धेविरुद्धची पोस्टरं दरवर्षी मीच पोरांकडून रंगवून घेतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय...

दत्ता माझा चुलतभाऊ, वयानं लहान. ब्रश धरायला त्याला मी शिकवलं. फ्लेक्स यायच्या आधी आम्ही दोघं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका उस्तादांकडे दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या खताच्या जाहिराती रंगवायचो. माझी रेघ सरळ, अक्षर देखणं. त्याचा हात कायम घसरायचा. मला एकच खोड होती. रंग वाळला का ते बघायला मी खालच्या कोपऱ्यात अंगठा टेकवायचो. उस्ताद वैतागायचे, "सातबाऱ्यावर अंगठा देऊन राह्यला का रे?" पत्रा लागून त्या अंगठ्यावर तिरपा व्रण पडलाय, त्यामुळे ठसा कुणाचा हे लगेच कळायचं.

आता दत्ता जालन्यात खोली घेऊन आधुनिक चित्रं काढतो. अख्खा कॅनव्हास एकाच रंगाचा, सपाट, आणि त्यात कुठंतरी एक लालभडक खताची गोणी. बस्स. जाणकार त्याला मिनिमलिझम म्हणतात, पॉप आर्ट म्हणतात. रंग मात्र आमच्या पाट्यांचाच, ऑइल पेंट. खरं सांगू? माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी शिकवलेलं पोर कुठल्या कुठं गेलं आणि मी इथं पोरांना आंबा-केळी काढायला लावतोय. त्याच्या खोलीवर मी कधीच पाय ठेवला नाही. तो बोलवायचा, मी परीक्षांचं कारण सांगायचो.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. "दादा, मुंबईच्या गॅलरीवाल्यांनी चित्रं मागवलीत. आत्ताच एक पिवळं संपवलं, वलंच हाय अजून. फोटो पाठवू का?"

"नको. अभिनंदन," म्हणालो आणि फोन ठेवला. जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. डोळे मिटून पडलो तर ते न पाहिलेलं पिवळं चित्रच समोर.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अंगठ्याला काय लागलंय हो?" बघतो तर पिवळं. हळद असेल म्हणून साबण लावला, निघेना. शेवटी रॉकेलनं पुसलं तेव्हा गेलं. घरात कित्येक दिवस रंगाचा डबा उघडला नव्हता — पण त्या वेळी डोकं दुसरीकडेच होतं, मी फारसा विचार केला नाही.

मुंबईला पाठवण्याआधी दत्तानं जालन्यातल्या एका हॉलमध्ये चित्रं मांडली. सगळं घर निघालं होतं, मला टाळता आलं नाही. भरदुपारची वेळ, हॉलमध्ये लख्ख उजेड. पिवळ्या चित्रापाशी गेलो आणि जागच्या जागी थांबलो. खालच्या कोपऱ्यात, रंगात दबलेला अंगठा. त्यावर तिरपा व्रण. माझाच.

दत्ता हळूच शेजारी आला. "दादा, तू आल्ता का माझ्या खोलीवर? खरं सांग. तुला फोन केला अन् कुलूप लावून जेवाया गेल्तो. येऊन बघतो तर हे."

"न्हाई रे. मी परतूरलाच होतो. वहिनीला विचार."

त्यानं माझा हात धरला आणि अंगठा ठशाच्या शेजारी नेला. बराबर तोच.

"मंग कसं?" तो म्हणाला. मी अंगठा मुठीत मिटून घेतला.

"उद्या गाडी येईल," तो म्हणाला. "झाकून टाकू का? ब्रशचा एक हात मारला की झालं."

"राहू दे," मी म्हणालो. इतक्या पटकन, की तो माझ्याकडे बघतच राहिला. पण त्यानं ठसा तसाच ठेवला.

चित्र मुंबईला गेलं. ठसा तिथं कसा उमटला हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. बायको म्हणते, एखादी शांती करून घ्या. मी नको म्हणतो. आयुष्यात माझं एवढं एकच काम मुंबईच्या भिंतीवर लागलंय, ते कशाला पुसून घेऊ?

आणि शेजारी सही दत्ताची आहे.