नवरदेवाच्या मामाचं पिस्तूल

कौतिकआबा सपकाळे वरणगावच्या आयुध निर्माणीत एकतीस वर्षं होते. काडतुसं तपासणं हे त्यांचं काम. मापात बसेल ते पुढे सोडायचं, बसणार नाही ते बाजूला काढायचं. आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती, मग तो साहेब असो की झाडूवाला. मोजणीत एक नग कमी भरला तर तो सापडेपर्यंत त्यांच्या खात्यातला कोणी घरी जात नसे. लाखो काडतुसं आबांच्या बोटांखालून गेली, पण त्यांनी स्वतः कधी गोळी झाडली नव्हती आणि माणसाला गोळी लागताना पाहिली नव्हती. ती पाहिली एका लग्नात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

मी त्यांच्याच गल्लीत राहतो. पुढचं सगळं मला आबांनी सांगितलं, काही मी कोर्टात बसून ऐकलं.

लग्न होतं तोतारामच्या मुलाचं. तोताराम आणि आबा निर्माणीत एकाच दिवशी लागले, एकाच टेबलावर डबा खाल्ला. मुलीचं गाव धुळे जिल्ह्यात, सोनगीरच्या पुढे आत. गोरज मुहूर्त होता. दुपारी साडेचारला नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला. पुढे बँड, त्यात झुलाल नावाचा चाळिशीचा माणूस ट्रम्पेट वाजवत होता. मागे डीजे. दोघांचा आवाज एकमेकांत मिसळून कानठळ्या बसत होत्या.

नवरदेवाचा मामा ललित केळीचा व्यापारी होता. स्वसंरक्षणासाठी म्हणून त्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं. त्याला कोणापासून संरक्षण हवं होतं, हे गावात कोणालाच सांगता आलं नसतं. पण कंबरेला ते दिसावं म्हणून तो शर्ट आत खोचायचा. त्या दिवशी तो पिऊन आला होता. पारासमोरच नाचता नाचता त्यानं पिस्तूल काढलं आणि वर धरून दोन बार काढले. बायकांनी कान झाकले, पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी ओरडलं, "अजून एक, मामा!" मामानं हात खाली आणता आणता अजून एक काढला.

झुलाल गुडघ्यावर बसला. मग आडवा झाला.

"लोकांना वाटलं नाचतोय," आबा मला म्हणाले. "बँडवाले वाजवत राहिले, पोरं नाचत राहिली. एकाचा पाय त्याच्या हातावर पडला. रक्त दिसलं तरी डीजे बंद व्हायला तीन-चार मिनिटं लागली. आणि बंद झाल्यावर पहिलं वाक्य काय ऐकलं माहीत आहे? 'मुहूर्त टळायला नको.'"

जीप येईपर्यंत आबा झुलालपाशी बसून होते. मग त्याला जीपमध्ये घालून नेलं. वाटेतच तो गेला. इकडे साडेसहाला अक्षता पडल्या. पंगती बसल्या. आबा जेवले नाहीत. ते पारापाशी गेले आणि धुळीत पडलेली काडतुसाची एक रिकामी पुंगळी त्यांनी रुमालात धरून उचलली. बाकीच्या दोन कोणीतरी आधीच उचलून नेल्या होत्या. पोलीस आले तेव्हा अख्खं गाव सांगत होतं की फटाका फुटला. आबा पुढे झाले, पुंगळी पंचांसमोर दिली आणि कोणाच्या हातात पिस्तूल पाहिलं तेही सांगितलं.

चौथ्या दिवशी तोताराम त्यांच्या घरी आला. आबांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी चहा ठेवला. धुळ्याच्या कॉलेजात शिकवणारी त्यांची मुलगी समीक्षा सुट्टीला आली होती, तीही बसली होती.

"कौतिक, तू काही पाह्यलं नाही, एवढंच सांग," तोताराम म्हणाला. "गर्दी होती, दिसलं नाही. झालं."

"दिसलं तर."

"अरे, कोण्या पोरानं गावठी कट्टा उडवला असेल. इकडे काय कमी आहेत कट्टे? सातपुड्याकडून येतात ते काय परवाना काढून येतात?"

"कट्टा पुंगळी बाहेर फेकत नाही, तोताराम. एक बार काढला की हातानं काढावी लागते. पिस्तूल फेकतं. हे मी तुला सांगायचं?"

तोताराम चिडून म्हणाला, "कायदा कडक करून कोणाचं भलं झालंय? ललितला परवान्यासाठी दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. चोरांना कोणी विचारतं का? आणि अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, तिथं काय रोज लग्नात माणसं मरतात?"

"लग्नात नाही मरत काका, शाळेत मरतात," समीक्षा म्हणाली. "तिथं माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि आपल्यासारख्या देशांच्या कितीतरी पट लोक गोळीनं मरतात. ऑस्ट्रेलियानं एका मोठ्या हत्याकांडानंतर लोकांकडून लाखो बंदुका परत घेतल्या. त्यानंतर तिथले गोळीचे मृत्यू कमी झाले. त्यातलं किती कायद्यामुळे, यावर अभ्यासक अजून भांडतात. जपानात बंदूक मिळणं महाकठीण, तिथं असे मृत्यू जवळजवळ नाहीतच. पण मेक्सिकोत कायदा कडक आहे, तरी मुडदे पडतात, कारण सीमेपलीकडून बंदुका येतात. म्हणजे तुमचं कट्ट्याचं म्हणणं अर्धं खरं आहे."

"बघ, पोरगीच म्हणते!"

"अर्धं म्हणाली ती," आबा म्हणाले. "आणि ललितचं पिस्तूल कोणत्या सीमेपलीकडून आलं? सरकारनं दिलं ते. गेटवर तुझी झडती घेतली तर तू कधी रागावला होतास का? मग मेव्हण्याची घेतली तर पोटात का दुखतं?"

तोतारामनं चहा तसाच ठेवला. उठताना तो जे म्हणाला, ते सांगताना आबांचं तोंड कडू जहर खाल्ल्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, "एका वाजंत्र्यापायी तू तीस वर्षांची दोस्ती तोडतोस?"

"मला ओकारी आली," आबा म्हणाले. "खरंच आली. मोरीत जाऊन ओकलो. माझ्या डब्यातली भाजी हा माणूस तीस वर्षं खात होता."

तपासात पुंगळी ललितच्याच पिस्तुलाची निघाली. झुलालच्या छातीतून निघालेली गोळीही त्याचीच. तेव्हा कट्ट्याची गोष्ट मागे पडली आणि नवी निघाली. पिस्तूल पिशवीत होतं, गर्दीत कोणीतरी काढून घेतलं. ज्यांनी मोबाईलवर मिरवणूक टिपली होती, त्यांच्या सगळ्यांच्या मोबाईलमधून नेमका तेवढाच तुकडा गायब होता.

खटला धुळ्याला उभा राहायला दोन वर्षं गेली. अकरा साक्षीदारांपैकी नऊ फितूर झाले. त्यात बँडचा मालक होता, आणि झुलालचा सख्खा भाऊही होता. भाऊ पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला की त्या वेळी तो पाणी प्यायला गेला होता. बाकावर बसलेल्या झुलालच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या पायात नवे बूट होते. मला ते बूट अजून आठवतात आणि अजून शिसारी येते.

आबांची उलटतपासणी पाऊण तास चालली. वकील हुशार होता. शेवटी त्यानं विचारलं, "जन्मभर काडतुसं केलीत. तुमच्या काडतुसांनी माणसं मेली नसतील का?"

"मेली असतील, साहेब," आबा म्हणाले. "कोण, कुठं, मला माहीत नाही. झुलाल कुठं पडला ते मी पाहिलं. आणि कोणाच्या हातानं, तेही पाहिलं."

ललितला निष्काळजीपणानं मृत्यू आणि समारंभात गोळीबार यासाठी दोन वर्षांची कैद झाली, परवाना रद्द झाला. अपील दाखल झालं आणि तो जामिनावर सुटला. एवढं झालं म्हणजे पुष्कळ झालं, असं सरकारी वकील म्हणाले. असेलही.

ललित गावात परतला त्या दिवशीची रील माझ्याच मोबाईलवर आली. उघडी जीप, गळ्यात झेंडूचे हार, खाली अक्षरं: 'वाघ परत आला'. जीपवर उभ्या एका पोरानं गावठी कट्टा काढून आभाळात बार केला आणि सगळे हसले. त्या रीलला हजारांवर लोकांनी बदाम टाकले होते. त्यात तोतारामचा मुलगा, ज्याच्या लग्नात माणूस मेला तो नवरदेवही होता.

मी ती आबांना दाखवली नसती, पण त्यांनी हातातून मोबाईल घेतला. पूर्ण पाहिली. मग मोबाईल परत देऊन त्यांनी हात धुतले.

"समीक्षा देशोदेशीचे आकडे सांगते," ते म्हणाले. "बरोबरच सांगते ती. पण या हसणाऱ्या तोंडांचं काय करायचं, ते कोणत्या देशाला जमलंय, तेवढं तिला विचारायला हवं."

गेल्या आठवड्यात धुरपदाबाई धुळ्याहून एसटीनं वरणगावला आली. आबांच्या पायरीवर बसली, पाणी प्याली. निकालाबद्दल एक शब्द बोलली नाही. तिनं विचारलं, "आबा, तुम्ही त्याच्या जोडे, जवळच होतात ना? त्याले भलतं दुखनं का?"

आबा तिच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "दुखलं, बाई. पण मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं."

तिनं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. आत रुक्माबाई तिच्यासाठी ताट वाढत होत्या.