चिलट चावत नाही!

आमच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटचे किस्से म्हणजे तलावातला गाळ. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण थरावर थर चढतात, आणि कोणी नुसता पाय टाकला की भसकन वर येतात! परवा यवतमाळच्या बसस्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला. "सर, तुमची ती चिलटं काय म्हणतात?" झालं! माझी आर्णीची बस निघून गेली, किस्से काही संपले नाहीत.

आधी मंडळी सांगतो. सबनीस सर आमचे हेड. काळजी हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय, शिकवणं पार्टटाइम. बाहेर ऊन पडलंय का विचारलं, तरी खिडकीतून दोनदा बघून म्हणणार, "तसं नक्की सांगता येणार नाही." नामदेवभाऊ लॅब सांभाळतात. मी शिकवतो, आणि किस्से सांगताना मीठ जरा जास्त टाकतो. आणि कविता राठोड, महागावकडच्या तांड्यावरची, सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी. विषय काय, तर जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या गोड्या पाण्यातली न चावणारी चिलटं! दिसायला हुबेहूब डास, पण चावत नाहीत. त्यांच्या जाती किती आणि कोणती जात कुठल्या तलावात, एवढंच शोधायचं. एवढंच!

*

नेरकडच्या एका गावात आम्ही तलावावर गेलो. कविता गुडघाभर चिखलात, हातात जाळी. गावात बातमी पसरली, आरोग्य खात्याची माणसं आली! बायांनी ड्रम उपडे केले, सरपंच एका पायात चप्पल घालून धावत आले. "मॅडम, डेंग्यू निंघाला का हो?"

"नाही हो दादा, ही चिलटं चावत नाहीत."

बांधावर एक आजी बसली होती. तिनं विचारलं, "चावत नाई?"

"नाही आजी."

"रोगराई?"

"काहीच नाही."

आजीनं कविताला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग याच्यामांगं काहून फिरून राह्यली व माय? घरी सांगून आली ना?"

*

उत्तरेची चिलटं वेगळी आहेत हे दाखवायचं तर दक्षिणेचीही हवीत. म्हणून वणीला गेलो. संध्याकाळी दिव्यासमोर पांढरी चादर टांगायची, चिलटं येऊन बसतात, ती गोळा करायची. जागा निवडली रस्त्यालगतच्या एका डबक्याजवळ. त्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही! तासाभरात चादर काळीकुट्ट. कविता खूश, "एवढी चिलटं!"

दुसऱ्या दिवशी सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. घाम पुसला.

"जात कोणती आहे सर?" मी विचारलं.

"तसं नक्की सांगता येणार नाही. पण जळेल चांगली."

*

चिलटाच्या अळीची जात तिच्या हनुवटीवरच्या दातांवरून ओळखतात. एक दात इकडचा तिकडे झाला की जात बदलली! नेरच्या त्या तलावातल्या लाल अळ्यांचे दात वणीच्या डबक्यांतून नंतर आणलेल्या एकाही अळीशी जुळेनात, पुस्तकातल्याही नाही; नवी जात असणार! कविता नाचायचीच बाकी होती. सरांनी बीपीची गोळी घेतली.

"दात झिजलेही असतील, राठोड. अळीची कात, कोषाची कात आणि त्यातूनच निघालेला नर, तिन्ही दाखवा. नर हाती नाही, तर उत्तरेचं प्रकरण थिसिसमध्ये नाही."

आणि उत्तर काढली तर थिसिसमध्ये उरतं काय? मुखपृष्ठ! मुदतवाढही घेऊन झालेली.

कवितानं अळ्या वाढवायला घेतल्या. नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार असतात, लगेच कळतो. पहिली निघाली मादी. दुसरी मादी. मग मादीच मादी! नामदेवभाऊ म्हणाले, "मॅडम, हे लेडीज होस्टेल कायले उघडलं तुमी?"

पुन्हा अळ्या आणायला गेलो, तर बांधाच्या दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केलेला. सगळा गाळ शेतात! उरली एक अळी. काचेच्या चहाच्या ग्लासात, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधून.

*

मार्च लागला. यवतमाळचा मार्च! सरांना काळजी, उत्तरेकडची अळी उकाडा सोसेल का? नेर इथून तासाभरावर, पण सरांच्या चेहऱ्यावरून वाटायचं, अळी काश्मीरहून आलीय! स्टाफरूममधला एकुलता कूलर ग्लासाकडे वळवला. आम्ही घामानं थबथबलेले, अळी गारव्यात.

सर दर तासाला ग्लासावर वाकून विचारायचे, "हलली का?" अळी चिखलाची नळी करून आत बसलेली, दिसणार काय? सर हळूच म्हणायचे, "नामदेव, मेली तर नसेल?"

"सर, तुमी पाह्यता म्हून लाजून राह्यली ते."

तांड्यावरून कविताच्या याडीचा, म्हणजे आईचा, रोज फोन. आधी अळीची तब्येत विचारायची, मग पोरीची. एकदा कवितालाच ताप होता. याडी म्हणाली, "तू ग्लासापासून लांब बस!"

*

एवढ्यात कॉलेजात तपासणीला कमिटी येणार म्हणून डासांसाठी धुराची फवारणी निघाली. लांबून मशीनची घरघर ऐकली आणि सर, जे कधी जिनाही कठडा धरल्याशिवाय उतरत नाहीत, ते ग्लास छातीशी धरून पळाले! मी स्कूटर काढली. मागे सर, हातात ग्लास.

चौकात पोलिसानं अडवलं. "ग्लासात काय हाये?"

"अळी."

"कितीक हायेत?"

"एकच."

त्यानं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाला, "दवाखान्यात नेऊन राह्यले न यायले? जा, जा."

*

ग्लास सरांच्याच घरी राहिला. एका सकाळी फोन आला, कोषातून काहीतरी बाहेर आलंय! आम्ही तिघं धावलो. मच्छरदाणीखाली एक चिलट बसलेलं. ग्लास वाफेनं धुरकटलेला, नर की मादी, उघडल्याशिवाय कळेना. कविताचा चेहरा पांढराफटक.

सरांचा कोणावर विश्वास नाही, म्हणून जाळी त्यांनीच उचलली. चिलट उडालं आणि थेट सरांच्या कपाळावर बसलं!

नामदेवभाऊंचा हात सवयीनं वर गेला. मी तो हवेतच धरला.

"हलू नका सर!" कविता नळी घेऊन पुढे सरकली.

सरांनी डोळे मिटले. "राठोड, मला चावलं."

"सर, ते चावत नाही."

"चावत नाही हे मला माहीत आहे. पण चावलं!"

कवितानं नळी टेकवली, बूच लावलं, भिंग धरलं. झुबकेदार मिशा! नर! ती मटकन खाली बसून रडायला लागली. तिन्ही वस्तू हाती आल्या होत्या. आणि सरांच्या कपाळावर चण्याएवढा लाल फोड.

कवितानं वहीत नराची नोंद केली, फोडाची नाही.

*

थिसिस गेला. ओपन व्हायवाला हॉल भरलेला, पहिल्या रांगेत याडी. बाहेरून आलेले परीक्षक कडक. दात विचारले, काती विचारल्या, नकाशावरचा नेरचा ठिपका विचारला. कविता एकेकाला पुरून उरली. शेवटी त्यांनी थिसिस मिटला आणि चष्मा काढून सबनीस सरांकडे वळले.

"सर, तुम्ही गाइड. मथळ्यातच लिहिलंय, न चावणारी. ही नवी जात तरी नक्की चावत नाही ना?"

कविताचा हात पोडियमवर घट्ट. नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. सरांचं नेहमीचं वाक्य माझ्या कानात आधीच वाजायला लागलं होतं.

सर उठले. घोटभर पाणी प्यायले. खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. त्यांचा हात आपोआप कपाळावर गेला, आणि ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाले,

"अजिबात नाही!"