आईनं फुलं काढली तेव्हा

माझी आई भित्री आहे. हे मी तिच्या पाठीमागे सांगत नाही, तोंडावरही सांगते. त्यावर ती "असते एकेकाची सवय" म्हणते आणि गॅस बंद आहे ना, ते पुन्हा बघून येते. तिला लिफ्टची भीती, पालीची भीती, फोन वाजला की भीती आणि नाही वाजला की त्याहून जास्त. शाळेची सहल निघाली की बाकीच्यांच्या आया हात हलवायच्या. माझी आई वाकून ड्रायव्हरचे डोळे लाल आहेत का ते बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात नोकरीही अशी. बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी होती, तिथं ती बसायची. लोक छत्र्या विसरतात हे कुणीही सांगेल, पण लोक कवळ्या विसरतात, कुबड्या विसरतात. कुबडी घेऊन चढलेला माणूस कुबडीशिवाय उतरला कसा, हे कोडं आईला अजून सुटलेलं नाही. एक बाई तर नवाकोरा लग्नाचा पोशाख विसरून गेली आणि परत न्यायला फिरकलीच नाही. हे सगळं आई मनातून घरी घेऊन यायची आणि जेवताना सांगायची. आमच्याकडे ताटात भाजी कमी आणि हरवलेल्या वस्तूच जास्त वाढल्या जायच्या.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहायची. ती रंगाच्या दुकानात शेड बनवायची. गिऱ्हाईक चादरीचा तुकडा नाहीतर झाडाचं पान घेऊन यायचं आणि "असाच हवा" म्हणायचं. आत्या मशीनकडे बघायचीसुद्धा नाही, थेंबाथेंबानं नेमका तोच रंग आणून द्यायची. तरी घरी जाऊन भिंतीला लावल्यावर काहींचं तोंड वाकडं व्हायचं आणि डबा परत यायचा. ते परत आलेले डबे मालक आत्याला देऊन टाकायचा. त्यामुळे आमच्या घरात जगाला नको असलेले सगळे रंग होते. माझी खोली कुणाच्या तरी नापसंत जांभळ्या रंगात न्हाऊन निघाली होती आणि मोरी दुसऱ्या कुणाच्या तरी फसलेल्या पिवळ्यात.

आत्यानं लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं कारण सांगायची. मला सांगितलं होतं की कुणी मागणी घातलीच नाही. आईला सांगितलं होतं की इतक्यांनी घातली की निवडता येईना.

मी शाळेत असताना बाबा गेले, एकाएकी. त्यानंतर आईचा भित्रेपणा गमतीचा राहिला नाही. ती स्वयंपाक करता करता थांबायची आणि जिन्याच्या दाराकडे बघत राहायची. "काय झालं गं?" म्हटलं की मान हलवायची. सांगता येत नाही म्हणायची. आत्यानं महिनाभर हे सहन केलं. मग एका रविवारी तिनं जुन्या कपाटाची एक फळी भिंतीला टेकवून ठेवली, आईच्या हातात ब्रश कोंबला आणि म्हणाली, "वहिनी, सांगता येत नाही ना? मग काढून दाखव."

आईनं कुत्रा काढला. काळा, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला, डोळे मोरीच्या पिवळ्या रंगाचे. तिनं आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता, पण तो कुत्रा असा उतरला की मी त्या दिवशी जिना चढताना जोरजोरात पाढे म्हटले. आत्यालाही तो बघवेना. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिनं त्याच्या तोंडात एक फूल दिलं. गुलाबी, टवटवीत, दव पडल्यासारखं.

आईनं घर डोक्यावर घेतलं. "माझ्या कुत्र्याला हात का लावलास?" आत्या म्हणाली, "तुझ्या कुत्र्याला हात नाही लावला. त्याला काम दिलं." त्यावर आई हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली.

तेव्हापासून दोघींचा उद्योग सुरू झाला. एका चित्राला एकच फळी, पाळी एकीआड एक. दुसरीनं काढलेलं पुसायचं नाही आणि झाकायचंही नाही, फक्त भर घालायची. आई भीती आणायची आणि आत्या सौंदर्य. आई विहीर काढायची, तर आत्या तिच्या काठावर असं हिरवंगार शेवाळ लावायची की गाल टेकवावासा वाटावा. आत्या सुंदर पडदा काढायची, तर आईच्या पाळीनंतर त्या पडद्याखाली कुणाचे तरी बूट दिसायचे. बोलण्यातली भांडणंही फळीवरच व्हायला लागली. आई रागावली की एरवीच्या "अगं ए"चं "अहो वन्सं" व्हायचं आणि चित्रात एखादा दात नाहीतर नख वाढायचं.

नणंद-भावजयीचं जमतं तरी कसं, म्हणून शेजारीपाजारी आधी चौकशा करायला आले आणि मग चित्रं बघायला. पुढं वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. दाढीवाल्या कुणी तरी पत्रकात छापलं की या जोडीच्या चित्रांत सौंदर्य, भय आणि आशा यांचा शोध आहे. आत्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "सौंदर्य माझं, भय हिचं. मग आशा कुणी काढली?"

आई म्हणाली, "ती बघणाऱ्यानं घरून आणावी. सगळं आपणच पुरवायचं का?"

त्या हॉलमध्येच सोफेवाले भेटले. दुसऱ्या गावाहून ते हॉलच्या खुर्च्यांच्या गाद्या बदलायला आले होते. ते खुर्चीखाली आडवे पडून खिळे काढायचे आणि तिथूनच चित्रं बघायचे. आत्या विचारायला गेली, कशी वाटली? ते पडद्याच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "कापड चांगलं आहे. पण शिवण सुटेल." आत्या इतकी हसली की वाचनालयाची बाई 'शांतता राखा'ची पाटी घेऊन आली. पुढच्या महिन्यात हॉलमधल्या खुर्च्या संपल्या, तरी सोफेवाले येतच राहिले. हातात डबा असायचा, म्हणायचे पॉलिशचा रंग जुळवून हवाय. असे किती सोफे असतात हो एका गावात?

पन्नाशी ओलांडलेली माझी आत्या लग्नाला निघाली. सोफेवाल्यांचं दुकान आणि घर अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर होतं. तिनं भीतभीतच आईला सांगितलं. आई म्हणाली, "अगंबाई, छान झालं!" आणि लगेच गॅस बघायला गेली.

मी तेव्हा नोकरीनिमित्त दुसरीकडे राहत होते. एके दिवशी ऐन दुपारी ऑफिसात आत्याचा फोन आला. आवाज असा की मी खुर्चीवरून उठलेच.

"तुझ्या आईनं फुलं काढलीत," ती म्हणाली.

"बरं मग?"

"बरं मग काय? फुलं! फळीभर फुलं! लाल, निळी, पिवळी. एक कोळी नाही, एक डोळा नाही, काही नाही. तू निघ बघू लगेच. मी लग्न मोडलंय."

मी निघाले. घरी पोचले तर आखाडाच मांडलेला. आई ओट्याला टेकून उभी, आत्या फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी आणि दाराजवळच्या स्टुलावर सोफेवाले. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं.

फुलं खरोखर वाईट होती. आईला फुलं येत नाहीत. गोल, चपटी, सगळी एका मापाची, जशी बटणं.

"फुलं काढली तरी चूक?" आई म्हणत होती. "इतकी वर्षं तूच म्हणायचीस ना, वहिनी, जरा चांगलं काही तरी काढ!"

"ही फुलं नाहीत, ही थाप आहे," आत्या म्हणाली. "भाऊ गेला तेव्हासुद्धा तू मला कुत्रा दाखवलास. आणि आज मला फुलं दाखवतेस? म्हणजे आत काय चाललं असेल? अशा बाईला एकटीला टाकून मी जाऊ? मुळीच जायची नाही."

"मला तर फुलं बरी वाटली," सोफेवाले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

ते बिचारे गप्प बसले. पण चेहरा पार उतरला. या वयात माणसाला पुन्हा कुणी आवडावं, घराची रंगरंगोटी करून घ्यावी आणि कुणाच्या तरी भावजयीनं फुलं काढली म्हणून सगळं फिसकटावं, हे मला बघवेना. मी आईला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. मला राग आला होता आणि राग आला की मी सरळ बोलते.

"तिनं जाऊ नये असं वाटतं का तुला?"

"वेडी आहेस का!" आई म्हणाली. "जावं तिनं. आयुष्यभर आपल्या घराला बांधली गेलीय."

"मग फुलं कशाला?"

आई कॉटवर बसली. चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मला भीती वाटतेय हे तिला कळलं तर ती जाणार नाही. तिचा पाय निघणार नाही. म्हणून म्हटलं, आनंदात आहे असं दाखवावं. तर तिनं बघता क्षणी ओळखलं. आता काय करू? भीती दाखवली तरी जात नाही, नाही दाखवली तरी जात नाही."

"दाखवून बघितलंस कुठं?" मी म्हटलं.

ती पुन्हा चादर सारखी करायला लागली. या बाईच्या भीतीची मी कितीदा चेष्टा केली, पण त्या दिवशी मला तिचं खरंच वाईट वाटलं. तिला जिन्यावरचा कुत्रा काढता येत होता, कारण तो खोटा होता. हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी आत्याची होती. आई म्हणाली, "आजचा दिवस मला दे." आत्यानं ब्रश पुढं केला आणि सोफेवाल्यांना घेऊन बाहेर गेली.

नियम नियमच होता, त्यामुळे फुलं पुसता येत नव्हती. आई बराच वेळ त्या बटणांकडे बघत बसली. मग तिनं फुलांच्या कडेनं एक सरळ रेघ ओढली, मग दुसरी, आणि खाली चार पाय काढले. झालं, फुलांचं टेबलक्लॉथ झालं! माझ्या तोंडून "वा!" निघालं. आईनं मला गप्प केलं. टेबलावर तिनं एक ताटली काढली. पांढरी, रिकामी. एक खुर्ची काढली. खुर्चीत एक बाई, पाठमोरी, खांदे पडलेले. बाईच्या हातात चहाचा कप होता. बाकी टेबल लांबच लांब, फुलाफुलांचं आणि मोकळं. त्यात भूत नव्हतं की कोळी नव्हता, पण आईनं काढलेल्या सगळ्या चित्रांत मला याच चित्राची सर्वांत जास्त भीती वाटली.

आत्या परत आली. चपलाही न काढता तिथंच उभी राहिली.

"हे आहे ते," आई म्हणाली. "तू गेल्यावर असं होईल याची मला भीती वाटते. खूप वाटते. आणि तरी तू जावंस असं वाटतं. दोन्ही वाटतं. आता कर काय करायचं ते."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, नाक मात्र पदराला पुसलं. "हे आधी दाखवायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "तू खोटं हसत राहिली असतीस तर मला तिकडं एक घास गेला नसता गं."

मला वाटलं, आता ही समोरच्या बाजूला दुसरी खुर्ची काढणार आणि त्यात स्वतःला बसवणार. सोफेवाल्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता. आत्यानं डबे उघडले, रंग कालवला, गुडघे टेकून फळीसमोर बसली आणि दुसरं काहीही न काढता फक्त ती रिकामी ताटली भरायला घेतली. दोन अंडी तळलेली, कडा कुरकुरीत. टोमॅटोच्या चकत्या, रसाळ. पावाचा जाड तुकडा, त्यावर वितळणारं लोणी. अर्धं संत्रं. इतकं सुंदर तिनं आयुष्यात काही काढलं नसेल. मला तिथल्या तिथं भूक लागली.

"एकटी असलीस म्हणून नुसत्या चहावर राहायचं नाही," आत्या ब्रश न थांबवता म्हणाली. "मी ओळखते तुला. 'एकटीसाठी कुठं करत बसू' म्हणशील आणि तशीच झोपशील. करत बसायचं. एकटीसाठीच करत बसायचं. कळलं का, वहिनी?"

आई जवळ जाऊन ताटलीत डोकावली. "मिरपूड नाही घातलीस," ती म्हणाली.

आत्यानं बारीक ब्रश घेतला आणि काळे ठिपके दिले.

लग्न साधंच झालं, सह्यांचं. सोफेवाल्यांनी नवा शर्ट घातला होता आणि सही करताना त्यांनी पेनाचं टोपणच काढलं नव्हतं. टेम्पोत आत्याचं सामान चढलं, वर रंगाचे डबे आणि एक कोरी फळी. पुढच्या चित्राची पहिली पाळी तिकडची, असं ठरलं होतं. फळीची ने-आण सोफेवाल्यांच्या टेम्पोतून व्हायची होती. टेम्पो वळणावर दिसेनासा होईतो आई हात हलवत राहिली. मीही माझी बस पकडली.

संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर मी आईला फोन लावला. वाजतच राहिला. मी पुन्हा लावला. मनात नाही नाही ते आलं: जिना, गॅस, निसरडी मोरी. आईला नावं ठेवत मोठी झालेली मी, शेजारणीचा नंबर शोधायला लागले. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं उचलला.

"अगं कुठं होतीस? काय करतेस?" मी ओरडलेच.

"जेवतेय," आई तोंडात घास असताना म्हणाली. "ठेव आता, अंडी गार होतायत."