शिवणीतली माया

मास्तरीणबाईंनी ती गोष्ट रविवारी दुपारी, उष्टी ताटं अजून टेबलावरच असताना सांगून टाकली. "एप्रिलात मी रिटायर होतेय. जूनच्या शेवटी तिकडे जाणार. राहायला."

"तिकडे" म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठचा एक देश, जिथे म्हणे वर्षातले तीनशे दिवस लख्ख ऊन असतं. घरातल्या कुणालाही तो नकाशावर पटकन दाखवता आला नसता. धाकटा भाऊ हात धुवायला उठला होता तो परत बसला. भावजय हसली, कारण तिला वाटलं ताई थट्टा करताहेत. भाचीने मात्र पोटावर हात ठेवला. ती माहेरीच होती आणि तिला सहावा महिना चालू होता.

"किती दिवसांसाठी?" भावाने विचारलं.

"राहायला म्हणजे राहायला. दिवस मोजून राहतात त्याला मुक्काम म्हणतात."

एवढं बोलून बाई उठल्या आणि ताटांकडे ढुंकूनही न बघता पॅसेजमधल्या आपल्या खाटेवर जाऊन आडव्या झाल्या. ताटं संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती. ती आपणहून उठून आत जात नाहीत, हे त्या दिवशी घराला कळलं.

मास्तरीण हे नाव ऐकून कुणालाही वाटे, बाई शाळेत शिकवत असणार. शाळेशी त्यांचा संबंध नववीतच संपला होता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. त्या जागी बाई आली, म्हणून मास्तरीण. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि भाऊ सोळाचा. त्याच महिन्यात त्या कारखान्यात लागल्या. पुढे भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती वाढली. बाईंचं लग्न राहिलं. राहिलं म्हणजे कुणी मोडलं नाही की नाकारलं नाही, नुसतंच राहून गेलं, आणि पुढे विषयही निघेनासा झाला.

कारखाना होता तळघरात. शाळेच्या पोरांचे, नर्सांचे, पहारेकऱ्यांचे कपडे तिथे बेतले जात. लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि कापायचं मशीन फिरवायचं. हात चुकला तर एक नाही, चाळीस बाह्या वाया. बाईंचा हात चुकत नसे. तोंडही फारसं चुकत नसे, त्यामुळे मालकसुद्धा त्यांच्याशी जरा जपूनच बोलायचा.

तळघराला खिडकी नव्हती. ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात. म्हणून कापडाचा नवा ताका, म्हणजे अख्खी गुंडाळी, आला की रंग पारखायला कापडाचे तुकडे घेऊन बावीस पायऱ्या चढायच्या आणि रस्त्यावर उन्हात जायचं. हे काम हाताखालच्या कुणालाही सांगता आलं असतं. बाईंनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही. फूटपाथवर दोन तुकडे शेजारी शेजारी धरून त्या डोळे बारीक करून बघत, आणि रंग केव्हाच जुळलेला असला तरी आणखी पाच मिनिटं तशाच उभ्या राहत. मालकाने एकदा विचारलं, "एवढा वेळ काय बघता?"

"निळा," बाई म्हणाल्या.

असल्या पाच-पाच मिनिटांवर त्यांनी छत्तीस वर्षं काढली. उन्हाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी आठवडाभर त्या तळघरात बसून दाखवावं, मग बोलावं.

तिकडची वाट दाखवली काजवालीने. शर्टांना काजं करणारी ही बाई पाच वर्षांपूर्वी बहिणीकडे म्हणून गेली आणि तिकडचीच झाली. तिने पाठवलेला पहिला फोटो समुद्राचा नव्हता. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचा होता. खाली लिहिलं होतं, "तासाभरात कडक वाळते." मास्तरीणबाईंनी तो फोटो त्या दिवशी किती वेळा बघितला याची गणती नाही.

तेव्हापासून त्या तयारीला लागल्या, आणि घरात कुणाला वासही लागू दिला नाही. पासपोर्ट काढला. परक्या भाषेत दातदुखी समजावून सांगायची पाळी नको, म्हणून इथेच सगळे दात नीट करून घेतले. काजवालीने तिच्या गल्लीतली तळमजल्यावरची खोली सुचवली, गुडघ्यांना बरी म्हणून. बाईंनी साफ नाही म्हटलं. "खाली खूप राहिले. वरची बघ. जिने चढेन नाहीतर रांगेन, तू काळजी करू नकोस." तिसऱ्या मजल्यावर दोन खिडक्यांची खोली ठरली. कानात वायर घालून त्या तिकडची भाषाही शिकू लागल्या. पहिला शब्द त्यांनी निवडून घेतला, "नको". आपल्या भाषेत तो वापरायची सवय मोडली होती. नव्या भाषेत तरी सुरुवात त्यानेच व्हावी, असं त्यांना वाटलं.

घरच्यांचीही एक योजना होती. ती त्यांनी बाईंपासून लपवली होती असं नाही. बाईंना विचारावं लागतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भाचीने ऑफिसात लिहून दिलं होतं की ऑगस्टपासून ती कामावर हजर होईल. पाळण्याची जागाही ठरली होती. पॅसेजमध्ये, बाईंच्या खाटेला लागून, म्हणजे बाळ रडलं की उठायला सोपं. कुणाला सोपं, ते कुणी बोललं नाही.

मग त्या रविवारनंतर एकेकाने तोफ डागायला सुरुवात केली.

"तिकडे आजारी पडलीस तर?" हा भाऊ.

"तिकडेही लोक आजारी पडतात. त्यासाठी त्यांनी हॉस्पिटलं बांधलीत."

"ताई, लोक म्हणतील आम्हीच तुम्हाला घालवून दिलं," भावजय डोळ्याला पदर लावून म्हणाली.

"त्यांना सांग, घालवलं नाही, पळाली."

समोरची शेजारीण चेहरा पाडून आली. "अहो, पण तिथे तुम्हाला करमेल का?"

"इथे करमतंय का, हे विचारायला छत्तीस वर्षांत कधी आला नाहीत ते!"

शेजारीण जी गेली ती पुढे पंधरा दिवस दारात दिसली नाही. भाचीचं मात्र तसं नव्हतं. ती खाटेच्या कडेवर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, बाळ तुझी वाट बघेल गं."

"बाळाला मी अजून ठाऊकही नाही. वाट तू बघते आहेस."

पोर रडत आत गेली. बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. कडेवर घेऊन वाढवलेली पोर रडते आणि आपण पाघळत नाही, याची त्यांना लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी कॉलर आखताना त्यांच्या हातात दोनदा खडू मोडला. पण बेत बदलला नाही.

तिकडे राहायचा परवाना मिळवायचा तर कागद स्वतः नेऊन द्यावे लागतात. मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. ती चुकली तर पुढची वेळ थेट वर्षअखेरीची. सोमवारी संध्याकाळी बाईंनी खाटेखालची पेटी ओढली. डॉक्टरचा दाखला होता, पोलिसांचा दाखला होता, फोटो होते. पासपोर्ट नव्हता. पेटी उपडी केली, गादी उलटी केली, तरी नाही. बाहेर भाऊ पेपर वाचत बसला होता. सकाळी वाचून झालेला पेपर.

"पासपोर्ट कुठाय?"

"नीट ठेवलाय."

"नीट म्हणजे कुठे?"

"ताई, तू आधी शांतपणे बस बघू."

चोरी करून वर शांत बसायला सांगणारा माणूस सख्खा भाऊ असला तरी चोरच. बाई बसल्या नाहीत. मग भावाने पेपर खाली ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "आई गेल्यावर मी तुझ्याकडे बघून उभा राहिलो. आता पोरीला तुझी गरज आहे, घराला आहे, आणि तू ऊन खायला चाललीस? तुला आमची जरासुद्धा माया नाही का गं?"

आता शिंप्यांच्या बोलीत माया म्हणजे शिवणीच्या आत मुद्दाम सोडलेलं जास्तीचं कापड. घालणाऱ्याला ते दिसत नाही. माणूस अंगाने सुटला की शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड मोकळं करायचं आणि नवी टीप मारायची. भावाने तो शब्द वापरला दुसऱ्या अर्थाने, पण आपण तो कुणापुढे वापरतोय, ते त्याने बघायला हवं होतं.

बाईंनी खुंटीवरचा त्याचा कोट ओढला. त्याला नोकरी लागली तेव्हा त्यांनीच तो शिवला होता. तेव्हापासून भावाने दुसरा कोट घेतला नव्हता; हाच सैल करून घ्यायचा. बाईंनी तो उलटा केला, कात्री घेतली आणि पाठीचं अस्तर वरपासून खालपर्यंत उसवलं.

"अगं, अगं! काय करतेस?"

"ये इकडे. बोट लाव." भावाचं बोट धरून त्यांनी मधल्या शिवणीवर ठेवलं. "इथे मी चांगली दोन बोटं माया ठेवली होती. तुझ्या लग्नात पहिल्यांदा सोडली. ही बघ जुन्या टिपेची खूण. पोरगी झाली, तू सुटलास, तेव्हा ही दुसरी. तुला बढती मिळाली तेव्हा ही तिसरी. गेल्या वर्षी चौथी. आता किती उरलीय?"

भावाच्या बोटाखाली नुसते दोरे सुटत होते.

"आता यातून आणखी सोडायला गेलं तर काय होईल?"

"फाटेल."

"फाटेल. आणि वर लोक म्हणतील, शिवणाऱ्याने मायाच ठेवली नव्हती." इथे बाईंचा आवाज फुटला. "होती रे माया. भरपूर होती. तुम्ही सगळे तिच्यातच तर मावलात."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. भाचीही आतून सगळं ऐकत होती. बाईंनी नाक पुसलं, कोट त्याच्या मांडीवर टाकला आणि आवाज ताळ्यावर आणून म्हणाल्या, "सकाळी आठपर्यंत पासपोर्ट टेबलावर दिसला नाही तर मी चौकीत जाईन. चोराचं नाव विचारलं तर पूर्ण सांगेन, आपल्या वडिलांच्या नावासकट."

सकाळी पावणेआठलाच पासपोर्ट टेबलावर होता. भाऊ दाढी करून, नुसत्या शर्टावर तयार उभा होता.

"मी येतो सोबत."

"अडवायला?"

"फाईल धरायला."

बाईंनी त्याला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि फाईल दिली. निघताना भाचीने चहाचा कप पुढे केला. चार दिवस ती आत्याशी बोलली नव्हती. आता कपाकडे बघतच तिने विचारलं, "तिकडच्या भाषेत आत्याला काय म्हणतात?"

"अजून तिथवर आले नाही. बघून सांगते."

"सांग. बाळाला फोनवर शिकवावं लागेल ना."

बाईंनी चहा उभ्या उभ्या संपवला, कारण बसल्या असत्या तर उठवलं नसतं.

परवान्याच्या कार्यालयात मोठा हॉल होता, लोखंडी खुर्च्या होत्या आणि जाड काचेमागे एक तरुण मुलगी बसली होती. बाईंचा नंबर आला. मुलगी फॉर्ममधले प्रश्न एकेक करून विचारू लागली आणि बाई खडाखडा उत्तरं देऊ लागल्या. नाव, वय, काम, कुठे राहणार, कोण ओळखीचं आहे. मागे फाईल धरून उभा असलेला भाऊ मागितला तो कागद पुढे करत होता.

"तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती?"

बाईंनी तोंड उघडलं आणि शब्दच बाहेर पडेना. शाळेचा फॉर्म असो, विम्याचा असो, कारखान्याचं रजिस्टर असो, या रकान्यात आधी एक नाव आणि मग तीन नावं त्यांनी इतक्या वेळा लिहिली होती की हात आपोआप चालायचा. नाही म्हणायचं तर ते खोटं वाटत होतं. आहेत म्हणायचं तर सगळं इथेच संपत होतं. सगळ्यांच्या तोफांपुढे न डगमगलेल्या बाई त्या एवढ्याशा रकान्यापाशी अडल्या.

"बाई, अवलंबून असलेलं कुणी आहे का?" मुलीने पुन्हा विचारलं.

"कोणी नाही," मागून भाऊ पुटपुटला.

"काय?" मुलगी काचेला कान लावून म्हणाली.

बाईंनी मान वळवली नाही. वळवली असती तर तो रडतोय हे दिसलं असतं, आणि मग दोघांचंही काही खरं नव्हतं. समोर बघतच त्या म्हणाल्या, "जोरात सांग. तिला ऐकू गेलं नाही."

भावाने घसा खाकरला. मग बावन्न वर्षांचा तो माणूस फाईल छातीशी धरून एवढ्या मोठ्याने बोलला की हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या.

"कोणी नाही! माझ्या ताईवर कोणी अवलंबून नाही!"

"लिहा," बाई त्या मुलीला म्हणाल्या.