पुठ्ठ्याचा स्टार्टर

आमचे हे, म्हणजे बोरीचे पंडित वायरमन, शेतातल्या मोटारी जोडायचे. पण मोटार जोडायच्या आधी पुठ्ठ्याचा स्टार्टर करायचं येड मी ह्यांच्यातच पाहिलं. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर चालू-बंदची बटनं काढायची आन् ज्याच्या रानात मोटार बसायची त्याच्यापुढं ठेवायचा. "करा चालू," म्हणायचं आन् गप बसायचं. मी म्हणायची, "अहो, सांगा की बिचाऱ्याला!" तर म्हणायचे, "मी काय रोज त्याच्या रानात जाऊन बसणार हाय?"

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. गावातल्या मनकर्णाचा नवरा वारून वरीस झालं होतं. तिच्या विहिरीवर नवी मोटार बसायची होती. धाकटा दीर भुजंग चारचौघांत म्हणाला, "वैनीला मोटार चालू-बंद करता आली तर रान तिनं करावं. न्हाई तर मी करतो." गिळायलाच बसला होता, मेला! मनकर्णा तशीच आमच्याकडं आली. "पंडितभाऊ, मला शिकवा. रान गेलं तर मी त्यांच्या घरची मोलकरीन हुईन."

ह्यांनी पुठ्ठा काढला. हिरव्या बटनाला पाला चोळला. आन् लाल बटनाला? माझ्या करंड्यातलं कुंकू! मला विचारलं सुदिक न्हाई.

"चालू," हे म्हणाले. तिनं हिरवं दाबलं. "बंद." तिचा हात लालपाशी गेला, थांबला आन् परत हिरव्यावर आला. पुन्हा तसंच. ह्यांना वाटलं, बटन बारीक झालं, दिसंना. मग दुसऱ्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढं कुंकू फासलं. शाबास! मनकर्णानं हात पदराखालीच घेतला. "मला न्हाई जमायचं," म्हणाली आन् उठून गेली.

हे आपले पुठ्ठाच उलटासुलटा करून बघायलेत. माझं डोकंच फिरलं. "अहो, डोळे हायत का काय? नवरा गेलेल्या बाईपुढं कुंकू मांडलंत आन् म्हणता बोट लाव!"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मग हळूच म्हणाले, "खरं बटन बी लालच असतंय. आता तिला त्यात कुंकूच दिसणार."

"मग सांगा तिला, असलं काही पाळू नको म्हणून!" मला त्या रितीचाच राग आला होता.

"काय पाळायचं ते तिचं ती ठरवंल. माझ्या हातात बटन हाय."

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला निळा रंग डबीत उरला होता. तिसऱ्या पुठ्ठ्यावर ह्यांनी बंदचं बटन निळं केलं आन् मी मनकर्णाला हाताला धरून आणलं. चालू. बंद. चालू. बंद. माझ्याशी बोलता बोलता दाबायला लागली, हसली बी. मला मेलीला रडूच आलं. मग ह्यांनी खऱ्या स्टार्टरचं लाल बटन बी निळं रंगवलं.

मोटार बसली त्या दिवशी भुजंग चार जण घेऊन हजर. लाईट आली. मनकर्णानं हिरवं दाबलं, मोटार घुमली आन् पाटातून पाणी धावलं.

"चालू कुणी बी करतंय," भुजंग म्हणाला. "आता बंद करून दाखव."

तिनं हातच उचलला न्हाई. मला वाटलं, हिला पुन्हा कुंकूच आठवलं. हे बी कावरेबावरे झाले. भुजंग हसला, "बघा, म्हणलं नव्हतं?"

मनकर्णानं खोरं खांद्यावर टाकलं. "भावजी, माझा गहू तहानलाय. रान भिजलं की बंद करीन. थांबायचं तर थांबा, न्हाई तर जावा घरी."

ती वाफ्यात पाणी सोडायला गेली. ते चार जण एकेक करून उठून गेले. भुजंग मात्र बांधावर उन्हात बसून राहिला. लय वेळानं शेवटचा वाफा भरला. मनकर्णा चिखलाच्या पायांनी आली आन् तिनं निळ्या बटनावर बोट ठेवलं. मोटार थांबली.

"झालं बघून, भावजी?" ती म्हणाली. "उद्या बी चालू करणार हाय. तुमी येऊ नका."