लांब घंटा

विधानसभेच्या सभागृहाच्या मोठ्या दाराशी भिंतीत एक पितळी बटण होतं आणि त्या बटणापाशी तात्या होते. आमदार यायचे, पडायचे, पक्ष बदलायचे, मंत्री व्हायचे, पुन्हा साधे आमदार व्हायचे. तात्या आपले बटणापाशी. बटण दाबलं की सभागृह सोडून इमारतभर घंटा वाजायची, वाचनालयात, जिन्यात, कॅन्टीनमध्ये, अगदी मुतारीतसुद्धा. लोकप्रतिनिधीला कुठंही गाठायची सोय होती.

नियमांचं पुस्तक उशाला घेता येईल इतकं जाड, पण घंटेची भाषा त्यात नव्हती. ती चालत आलेली. तुटक तुटक वाजली, की आत माणसं कमी पडलीत, धावा. न थांबता एकच लांब वाजली, की आजचं काम आटोपलं, घरी जा. नवा आमदार ही भाषा पहिल्या चहाबरोबर शिकायचा. तुटक घंटेला मंडळी कप निवांत संपवून उठायची आणि लांब घंटेला भरला कप टाकून. तात्यांना याची गंमत वाटायची. घरी जेवताना ते बायकोला नक्कल करून दाखवायचे, आणि मुलगा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायचा.

तो मुलगा आता घरी नव्हता. एका गोदामावर पहारेकरी होता. गोदामातला माल गेला, चोर गेले, हाताशी सापडला तो पहारेकरी. पोलिसांनी त्यालाच उचललं. खटला चालला असता तर निदान खरंखोटं झालं असतं, पण चालवणार कोण? न्यायाधीशांची बदली झाली. त्यांच्या जागी दुसरे येईनात. अखेर आले, तर त्यांच्याकडे आणखी दोन कोर्टांचा भार. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हणही लाजेल असा तो कारभार. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला, वरच्या कोर्टातला सुनावणीलाच येईना. मुलगा तुरुंगात तिसरं वर्ष काढत होता आणि त्याने गुन्हा केला की नाही, हे अजून त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

अशात वकीलबाईंनी विधेयक आणलं. या बाई आमदार होण्याआधी कोर्टात वकिली करायच्या, म्हणून सगळे त्यांना वकीलबाईच म्हणत. विधेयक सरळ होतं. दोन वर्षं उलटूनही ज्याचा खटला उभा राहिला नाही, त्याला त्याच्या स्वतःच्या हमीवर घरी सोडा, खटला होईल तेव्हा बोलवा. दाराशी उभ्या तात्यांनी ते ऐकलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलाचे सगळे शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात नीट लावलेले दिसले.

"अहो, वकीलबाईंना सांगा ना, आपलाही मुलगा आत आहे म्हणून," ती म्हणायची.

"दाराशी उभ्या माणसाने सभासदाशी आपलं घरचं बोलायचं नसतं."

"मग बोलायचं तरी कुणाशी?"

एकदा वकीलबाईंनी आपणहून विचारलं होतं, "काय तात्या, कसं चाललंय?" सगळं अगदी जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. "बरं चाललंय, बाई," म्हणून तात्यांनी दार उघडून धरलं.

विधेयक या अधिवेशनातून त्या अधिवेशनात ढकललं जात होतं. त्यात निवडणूक तोंडावर आली. विरोधात मत द्यायची कुणाची इच्छा नव्हती आणि बाजूने द्यायची हिंमत नव्हती. 'हे चोरांना सोडणारे' असे फलक उद्या आपल्याच चौकात लागले तर? तुरुंगातल्या माणसाला मत नसतं, त्याच्यासाठी कोण हात पोळून घेणार? अखेर शेवटच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, अगदी शेवटचं काम म्हणून ते आलं. आज झालं तर झालं, नाहीतर सभागृह बरखास्त होणार आणि विधेयक त्याच्याबरोबर मरणार.

दुपार कलली होती. बाकं रिकामी पडत चालली होती. वकीलबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकावरचे मिशाळ आजोबा उठले. हे असलं काम करायला पक्षाने त्यांनाच ठेवलं होतं.

"अध्यक्ष महाराज, सभागृहात गणसंख्या नाही."

माना मोजून झाल्या. पाच-सहा सभासद कमी होते. अध्यक्ष म्हणाले, "घंटा वाजवा."

तात्यांनी बोट ठेवलं. तुटक, तुटक, तुटक. कॉरिडॉरमध्ये कुणी नाही. तुटक, तुटक. ठरलेली वेळ संपली की बंद करायचं आणि मग कामकाज तहकूब. तेवढ्यात खालच्या जिन्यावर पावलं वाजली. त्यांनी कठड्यावरून मान लांब करून पाहिलं. येत होते! तरुण आमदारांचं एक टोळकं, हसत, टिवल्याबावल्या करत, पण वर येत होतं. हवे होते तेवढे होते. या रे बाबांनो, या. लवकर या. तात्यांचा सगळा जीव त्या बोटात उतरला. जोरात दाबलं तर जोरात धावतील असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे. त्यांनी बटण दाबलं आणि ते दाबलेलंच राहिलं.

घंटा न थांबता वाजत राहिली.

पावलं थबकली. खालून कुणीतरी आनंदाने ओरडलं, "सुटलं रे, सुटलं!" आणि टोळकं माघारी फिरलं.

"अहो, नाही! वर या, वर या!" तात्या ओरडले. पण त्यांच्याच घंटेत त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही. बोट अजून बटणावर होतं. ते उचललं तेव्हा बाहेर गाड्यांची दारं लागत होती. मागे धावावं, तर दार सोडता येत नव्हतं.

आत अध्यक्षांनी वाट पाहिली, नियमाप्रमाणे. मग उठले. सचिवांनी दारातून सांगितलं, "तात्या, संपलं. लांब घंटा द्या."

तात्यांनी ती पुन्हा दिली.

वकीलबाई फाईल छातीशी धरून बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "नाहीच आले हो कुणी," त्या म्हणाल्या. तात्यांनी दार धरून ठेवलं. सांगावं असं फार वाटलं. पण सांगून कुणाला परत आणता येणार होतं? आणि त्या टोळक्याने वर येऊन हात वर केले असते की पुन्हा चहाला गेले असते, तेही कुणाला ठाऊक?

घरी बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. कपाटाचं दार उघडं होतं, ते तिने लावलं.

भेटीच्या दिवशी दोघं तुरुंगात गेले. मुलगा जाळीपलीकडे आला. इतका वाळला होता, की इस्त्रीचे ते शर्ट आता त्याला ढगळ झाले असते. त्याला आधीच कळलं होतं. आत बातम्या लवकर पोहोचतात.

"माणसं कमी पडली म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"मग घंटा तुम्हीच दिली असेल."

तात्यांनी मान हलवली.

मुलगा हसला. लहानपणी जेवताना हसायचा तसा. बापाचीच समजूत काढत म्हणाला, "जाऊ द्या तात्या. तुम्ही तरी आणखी काय करणार होता? वाजवली ना?"

"वाजवली रे," तात्या म्हणाले. "खूप वेळ वाजवली."